व्याह्यांचं जहाज

४ मे

प्रिय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. घरात कोणी आजारी नाही आणि माझं काही मागणंही नाही. म्हणजे आहे, पण ते पुढे येईल. लग्नात दोन दिवस आपण एकाच सोफ्यावर बसून होतो, त्यानंतर फोनवर 'कसं काय, बरं आहे ना' याच्यापुढे आपली गाडी सरकली नाही. फोनवर मला सुचत नाही. समोरासमोर तर त्याहून नाही. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून मीच बोलत आलो आणि ते बिचारे नुसते 'आ' करून बसायचे. दुसरा माणूस उत्तर देतो, याची सवयच राहिली नाही. कागदावर मात्र मी बरा असतो.

तर मुद्दा असा, की दवाखाना बंद केल्यापासून मी एक जहाज बांधतोय. शिडाचं, तीन डोलकाठ्यांचं, जुन्या काळच्या लढाऊ जहाजासारखं. लांबीला माझ्या हाताएवढं. पेशंटची खुर्ची होती तिथे आता टेबल मांडलंय. दिवा तोच ठेवला, वरून खाली ओढायचा. बरगड्या बसवल्या, बाजूच्या पट्ट्या वाफेवर वाकवून चिकटवल्या, आणि माझ्या जुन्या ड्रिलने तोफांच्या खिडक्या पाडल्या. दातातली कीड काढण्यापेक्षा सोपं काम, लाकूड कण्हत नाही. सूनबाईंनी मागे एकदा विचारलं होतं, "डॉक्टरबाबा, झालं की कोणाला देणार?" मी म्हटलं, "जो विचारेल त्याला." तेव्हा ते त्या दोघांच्या नव्या घरात जायचं, हे ठरलेलं आहे.

घोडं अडलंय तोफांपाशी. दातात भरायच्या मसाल्याच्या ओतून पाहिल्या. तोफा कसल्या, वाटाण्याच्या शेंगा झाल्या! तुम्ही लग्नात म्हणाला होतात की तुमच्या घड्याळाच्या दुकानात धातू कातायचा छोटा लेथ आहे. बावीस तोफा हव्यात, पितळेच्या, गाड्यांसकट. नाही म्हणालात तरी राग नाही.

माप म्हणून खिडकीत मेण दाबून घेतलेला ठसा डबीत घालून पाठवतो. आकडे कळवले नाहीत म्हणून हसू नका. आमच्या धंद्यात मोजत नाहीत, ठसा घेतात. ठसा खोटं बोलत नाही.

आपला,
डॉक्टर व्याही


१८ मे

डॉक्टरसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

आपलं पत्र आणि डबी दोन्ही पोचलं. डबी उशिरा आली. पोस्टाच्या गाडीत कुठेतरी पडून राहिली असावी, वर हात लावला तर चटका बसत होता. ठसा काढून व्हर्नियरने मापला. खिडकी मी समजत होतो त्यापेक्षा ऐसपैस आहे, त्यामुळे तोफही जरा धष्टपुष्ट होईल. मला काय, लहान करण्यापेक्षा मोठं करणं सोपं.

नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. दुकान उघडं असतं एवढंच. लोकांना वेळ फोनवर कळते. दिवसाकाठी एखादा सेल बदलायला येतो, तो बदलून होईपर्यंत माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळांकडे बघतो आणि म्हणतो, "सगळी वेगवेगळी वेळ दाखवतायत की हो!" मी म्हणतो, "आपापल्या सोयीने घ्या." हा विनोद मी इतक्या वेळा केलाय की आता माझाच मला कंटाळा येतो. आपल्या पत्रानंतर लेथ पुसला, पट्टा बदलला. बायको गेल्यापासून तो चालू केलाच नव्हता. तिला त्याची घरघर आवडायची नाही, आणि नंतर आवाज करून कोणाला चिडवायचं, असं झालं.

पहिली तोफ सोबत आहे. तोंड पोखरून आत पोकळ केली आहे, दोन्ही बाजूंना कान लावलेत, ते कान गाड्याच्या खाचेत बसतात. गाडा जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या लाकडाचा. चाकं फिरतात. चाकं फिरायची काही गरज नव्हती, पण न फिरणारं चाक बनवायला हात तयार होईना.

मुलीचा फोन बऱ्याच दिवसांत नाही. जावईबापूंचा आपल्याला येत असेल, तर दोघांची खुशाली कळवा.

आपला,
घड्याळजी


३० मे

प्रिय घड्याळजी,

वा! वा! आणि पुन्हा एकदा वा!

तोफ हातात घेतली आणि पोरासारखा टेबलावर पुढे-मागे फिरवत बसलो. खिडकीत लावून पाहिली. चपखल बसली. तुमचा हात म्हणजे हात आहे. आता याच मापाच्या बाकीच्या पाठवा, पण घाई करू नका. एकेक, दोन-दोन अशा आल्या तरी चालतील. किंबहुना तशाच येऊ द्या, म्हणजे मला प्रत्येकीकडे नीट बघता येतं.

डेक मी अजून लावलेला नाही. एकदा वरून फळ्या बसवल्या की आत हात जात नाही, त्यामुळे सगळ्या तोफा आपापल्या खिडकीशी बसल्या की मगच झाकण. तोफ उडाली की मागे उसळते, ती धरून ठेवायला प्रत्येकीला एक दोर बांधायचा असतो. मी त्यासाठी टाके घालायचा दोरा वापरणार आहे, कपाटात भरपूर पडलाय.

आमच्याकडे बाहेरच्या खोलीत अजून ते बाकडं आहे. पेशंट बसायचे ते. मी अधूनमधून त्यावर जाऊन बसतो. बसल्यावर कळतं की माणसं का कुरकुर करायची. फार टणक आहे.

चिरंजीवांचा फोन आला होता. "ठीक आहे" म्हणाले. त्यांचं सगळं नेहमी ठीकच असतं.

आपला,
डॉक्टर


२२ जून

डॉक्टरसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

सोबत आणखी दोन. आधीच्या मिळाल्याच असतील.

एक गोष्ट लिहू की नको असं करत पेन तीनदा खाली ठेवलं. मुलीने वेगळी खोली घेतली आहे. ऑफिसच्या जवळ म्हणून, असं आधी सांगितलं. मी घड्याळजी आहे, दोन काटे एकमेकांपासून सुटलेत हे मला ऐकूनही कळतं. जास्त विचारलं तेव्हा म्हणाली, "बाबा, आता आम्ही एकत्र राहणार नाही." रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

आपल्याला कदाचित आधीच कळलं असेल. कळलं नसेल तर माझ्याकडून कळावं हे वाईट झालं, माफ करा.

तेव्हा हे जहाज आता कोणासाठी, असा प्रश्न आहे. आपण सांगाल तर मी थांबतो. पितळ आणून ठेवलंय, ते कुठे जात नाही. पण खरं सांगू? सकाळी दुकान उघडताना आज एक तोफ करायची आहे हे डोक्यात असतं, तेव्हा शटर जरा हलकं लागतं.

आपला,
घड्याळजी


२८ जून

प्रिय घड्याळजी,

मला माहीत होतं. एप्रिलपासूनच.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. म्हटलं, नवं घर, जहाज, तोफा, असं आपण दोघं लिहीत राहिलो तर कदाचित तिकडेही काही जुळेल. खुळेपणा आहे. चिरंजीवांना जहाजाबद्दल सांगितलं तर म्हणाले, "बाबा, कोणत्या घरात ठेवू?" फोन ठेवून मी परत पट्ट्या घासायला लागलो.

थांबू नका. हात जोडून सांगतो, थांबू नका. जहाजाचा आणि त्या दोघांचा काही संबंध नाही, असं आजपासून समजू. जहाज आपलं. मी सांगाडा, तुम्ही शस्त्रास्त्रं. आणि पोरांबद्दल एकमेकांना अक्षर लिहायचं नाही. माझा मुलगा आहे आणि तुमची मुलगी आहे. एकदा का आपण त्यांची वकिली सुरू केली की आपलं काही खरं नाही.

पुढच्या दोन लवकर पाठवा. आधी घाई नको म्हणालो होतो, आता म्हणतो घाई करा. माझ्या बोलण्याला काही धरबंध राहिलेला नाही.

आपला,
डॉक्टर


१९ ऑगस्ट

डॉक्टरसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

सोबत दोन तोफा. मागच्या वेळी पितळेवरचा काळा रंग एकसारखा आला नव्हता, या वेळी नीट जमलाय.

आपण घातलेला नियम मी आज मोडतोय. मुलगी चार दिवस येऊन गेली. पहिले तीन दिवस तिने माझी कपाटं आवरली. चौथ्या दिवशी डबे पुसता पुसता खाली बसली आणि रडली. म्हणाली, "बाबा, तो वाईट नाही. तो बोलतच नाही. घरी येतो, जेवतो, भांडं उचलून ठेवतो, आत जाऊन बसतो. मी विचारते, काय झालं, तर म्हणतो, ठीक आहे. मी तीन वर्षं भिंतीबरोबर संसार केला."

डॉक्टर, मी बाप आहे. तिचे डोळे बघून मला जेवण गेलं नाही. आपण आपल्या मुलाला जरा बोलायला शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती, असं माझ्या मनात आलं. मनात आलेलं लपवून तोफा पाठवणं मला जमेना, म्हणून लिहिलं.

आपला,
घड्याळजी


२६ ऑगस्ट

घड्याळजी,

नियम का केला होता ते आता कळलं असेल.

माझा मुलगा भिंत, आणि तुमची मुलगी तेवढी गुणाची! भिंतीला घर सोडून जाता येत नाही म्हणून ती उभी असते. तो परवा येऊन गेला. शर्ट खांद्यावरून लोंबत होता, इतका उतरलाय. तुमच्या लेकीने सामान उचललं तेव्हा तो ऑफिसात होता, परत आला तर अर्धं कपाट रिकामं. याला काय म्हणायचं? हे बोलणं झालं का?

आणि शिकवण्याच्या गोष्टी मला सांगू नका. स्वतःला फार काटेकोर समजता ना? तर ऐका. तुमची एकही तोफ बसत नाही! पहिलीही बसली नव्हती. तोंडाशीच अडकतात सगळ्या, खिडकीच्या बाहेर नखाएवढ्याही डोकावत नाहीत. मी चपखल चपखल म्हणत राहिलो, आणि त्या इथे ट्रेमध्ये ओळीने पडून आहेत, उपटलेल्या दाढांसारख्या.

डॉक्टर


११ ऑक्टोबर

डॉक्टरसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी तोफांचं सांगतो, ते सोपं आहे.

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा लेथ तपासला. मग व्हर्नियर. दोन्ही बरोबर निघाले. मग तुमचा मेणाचा ठसा काढला आणि दुकानाबाहेर उन्हात एका पत्र्यावर ठेवून समोर स्टुलावर बसलो. तासाभरात तो बसला, म्हणजे खाली दबून बाजूंनी पसरला. मे महिन्यात पोस्टाच्या तापलेल्या गाडीतही तेच झालं असणार. मी माप अगदी काटेकोर घेतलं, पण वितळून पसरलेल्या मेणाचं घेतलं. आपण दोघांनीही आपापलं काम चोख केलं आणि तोफा वाया गेल्या. घड्याळजीने आकडा मागायला हवा होता आणि दातांच्या डॉक्टरने तो द्यायला हवा होता. पण तुम्हाला ठशाचा अभिमान, मला हत्याराचा.

हे मला लागलं नाही. लागलं ते 'चपखल'. मी तो शब्द दुकानात शेजारच्या चष्मेवाल्याला वाचून दाखवला होता.

आता दुसरं. मुलीला मी अजून तुम्हाला तोफा पाठवतो हे कळलं. ती मध्यंतरी पुन्हा आली तेव्हा लेथवर एक अर्धी पडून होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांच्या घरी पार्सलं पाठवताय? मी ज्या घरातून निघाले त्या घरी?" मी म्हटलं, घर वेगळं आहे, तिथे फक्त डॉक्टर राहतात. तर म्हणाली, "माझ्यासाठी तेच आहे. नका ना लिहू." तिने आजवर माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही.

तेव्हा हे शेवटचं. उरलेल्या सगळ्या तोफा एकत्र पाठवतो, बसत नसल्या तरी त्या तुमच्याच आहेत. जहाजाचा एखादा फोटो बघायला आवडला असता, पण पाठवू नका.

घड्याळजी


३ नोव्हेंबर

प्रिय घड्याळजी,

लिहू नका म्हणालात. तुम्ही उत्तर देऊ नका, मी लिहितो. तुमच्या लेकीला दिलेला शब्द तुमचा आहे, माझा नाही.

मी खोटं का बोललो ते सांगतो. या घराची बेल वाजत नाही. पूर्वी सकाळपासून वाजायची, बायको म्हणायची, "तिला जरा गोळी द्या, ठणकत असेल." आता दूधवाला दाराशी पिशवी टांगून जातो, वीजवाला मीटर बाहेरून बघतो. तुमचं पार्सल आलं तेव्हा सही घ्यायला पोस्टमनने बेल वाजवली. मी इतका धडपडत उठलो की स्टूल पडलं. डबी उघडली, तोफ खिडकीत लावली, ती अडली. लगेच कळलं, गफलत झाली. मग विचार केला, आता चुकलं म्हणून कळवलं तर तुम्ही एकदाच नवं माप मागाल, सगळ्या नीट करून एकगठ्ठा पाठवाल, आणि विषय संपेल. चपखल म्हटलं तर बेल वाजत राहील. म्हणून एकेक, दोन-दोन पाठवा म्हणालो. एवढंच आहे. यात तुमच्या हाताला कमी लेखणं नव्हतं. तुमच्या तोफा इतक्या सुरेख आहेत की जहाजच त्यांना लहान पडलं.

आणि भिंतीबद्दल. तुमची लेक खोटं बोललेली नाही. आमच्या घरात जेवताना चमच्यांचा आवाज यायचा. मला वाटायचं, याला शांतता म्हणतात. बायको त्याला दुसरं काही म्हणत असेल, मी विचारलं नाही. मुलाने जे पाहिलं तेच तो घेऊन गेला. मागच्या आठवड्यात तो आला होता. मी ठरवून टाकलं होतं की आज त्याच्याशी बोलायचं. दोघं जहाजासमोर बसलो. मी म्हटलं, "हे बघ." तो म्हणाला, "छान झालंय." मग मी दिवा जरा खाली ओढला. मग तो गेला.

डेक उघडाच आहे.

डॉक्टर


१२ डिसेंबर

प्रिय घड्याळजी,

काल कोर्टाचं काम संपलं. मुलाने फोन करून सांगितलं. "झालं," म्हणाला. मी "बरं" म्हणालो.

नंतर दुपारभर मी एकच गोष्ट घोळवत बसलो होतो. सूनबाई आता सूनबाई नाहीत, तुमचे जावईबापू जावईबापू नाहीत, हे समजलं. पण आपलं काय? आपण त्यांच्यामुळे एकमेकांचे लागत होतो. वरची खुंटी काढली की खाली टांगलेलं पडणारच. पोस्टमन विचारत होता, "डॉक्टर, हल्ली व्याह्यांचं पार्सल येत नाही?" मी म्हटलं, "ते आता व्याही नाहीत." तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं तुम्ही गेलात. टोपी काढून उभा राहिला. मला त्याला हसून समजावता आलं असतं. पण मी नुसता दारात उभा राहिलो, आणि तो हळूच निघून गेला. आता त्याच्या लेखी तुम्ही वारलेले आहात, आणि सुधारायला मला तोंड नाही.

हे पत्र फाडून टाकलंत तरी चालेल. वाचून फाडा.

डॉक्टर


१७ जानेवारी

डॉक्टर,

मेलेल्या माणसाचा नमस्कार घ्या.

तुमची दोन्ही पत्रं वाचली. पुन्हा पुन्हा वाचली. फाडली नाहीत. मुलीला दिलेला शब्द पाळत होतो, पण पाळताना माझं काय होत होतं ते तिला दिसत नव्हतं, आणि मी बोलत नव्हतो. एक दिवस दुकानात बसल्या बसल्या लक्षात आलं की तुमच्या मुलाला भिंत म्हणालो, आणि स्वतः तेच करतोय. मग तिला फोन लावला. म्हटलं, "बाळा, तुझं दुःख माझं आहे, त्यात मी वाटेकरी आहे. पण मला त्या माणसाची आठवण येते. जावयाचा बाप म्हणून नाही. मला दुसरं कोणी पत्र लिहीत नाही." ती चिडली. म्हणाली, "तुम्हाला जे करायचं ते करा." फोन ठेवला. दोन आठवडे बोलली नाही. ते दोन आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, आणि ठेवताना विचारलं, "डॉक्टरबाबा जेवतात का वेळेवर?"

आता कामाचं. तोफा मोडीत काढायच्या नाहीत. कानांच्या पुढचा भाग लेथवर उतरवून बारीक करता येतो. पण तुम्ही पाडलेल्या बावीस खिडक्या काही एकसारख्या नसणार, दाढांसारख्या प्रत्येकीची तऱ्हा वेगळी असणार. म्हणजे थोडं घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. हे पोस्टाने होत नाही. मेणाने तर नाहीच नाही.

तेव्हा लेथ घेऊन मीच येतो. पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने. लेथ जड आहे, कोणी हमाल मिळेल असं बघा. तुमच्याकडे राहायला आता माझं काही नातं नाही, म्हणून विचारतो: चालेल ना? नाही म्हणायचं असेल तर बुधवारपर्यंत कळवा.

घड्याळजी


२८ जानेवारी, दुपार

प्रिय घड्याळजी,

तुम्ही आतल्या खोलीत झोपला आहात आणि मी दवाखान्याच्या टेबलाशी बसून तुम्हाला पत्र लिहितोय. हसा. पाच दिवस तुम्ही माझ्या समोर आहात आणि मला तुमच्याशी दहा वाक्यं धड बोलता आलेली नाहीत.

स्टेशनवर तुम्ही उतरलात तेव्हा मी ठरवून आलो होतो, मिठी मारायची. तुमच्या हातात लेथची पेटी होती, म्हणून पेटीला हात लावला. नंतर सगळा वेळ तेच. तुम्ही लेथवर, मी जहाजाशी. तुम्ही तोफ पुढे करायचात, मी खिडकीत लावायचो, मी म्हणायचो "अजून", तुम्ही "हं" म्हणायचात. जेवताना चमच्यांचा आवाज. मी तुम्हाला विचारायचं ठरवलं होतं की बायको गेल्यावर पहिलं वर्ष कसं काढलंत. विचारलं काय, तर "मीठ हवं का?" पत्रातला घड्याळजी आणि समोरचा घड्याळजी एकच आहेत की नाही, अशी मला शंका येऊ लागली. तुम्हालाही पत्रातल्या डॉक्टरबद्दल येत असेल.

काल शेवटची तोफ बसली. बावीसच्या बावीस तोंडं बाहेर, एका ओळीत. तुम्ही भिंग डोळ्याला लावून सगळ्यांवरून एकदा नजर फिरवलीत, आणि म्हणालात, "झालं." मी म्हणालो, "बरं." कोर्टाचं काम संपलं तेव्हा मुलाच्या आणि माझ्या फोनवरही हेच दोन शब्द होते.

आज सकाळी तुम्ही पिशवी भरलीत. लेथ पुसून पेटीत ठेवलात. उद्याचं तिकीट तुमच्या खिशातून डोकावतंय. तोफा झाल्या, काम झालं, नातं तर आधीच संपलंय. तुम्हाला थांबवायला माझ्याकडे काहीही कारण उरलेलं नाही. शिडं आहेत, दोर आहेत, पण ती कामं माझी, त्यासाठी तुमची गरज आहे असं म्हणणं म्हणजे पुन्हा चपखल म्हणण्यासारखं.

म्हणून कारण न देता लिहितो. जाऊ नका. निदान इतक्यात नको. इथे दोन खोल्या रिकाम्या आहेत. काही बोलला नाहीत तरी चालेल, तो लेथ नुसता घरघरत राहिला तरी चालेल. या घरात दुसऱ्या कोणाचा तरी आवाज आहे, हे मला गेले पाच दिवस फार बरं वाटलं. तुम्ही गेल्यावर पुन्हा पत्रं लिहीनच. पण मला आता पत्रं पुरत नाहीत.

हा कागद टेबलावर ठेवून मी भाजी आणायला जातो. तुम्ही वाचाल तेव्हा मी समोर नसेन, तेवढीच सोय.

डॉक्टर


त्याच कागदाच्या मागे

डॉक्टर,

मी झोपलो नव्हतो. तुमच्या पेनाचा आवाज ऐकत पडलो होतो. मनात म्हणत होतो, हा माणूस मी घरी पोचल्यावर वाचायचं पत्र आत्ताच लिहायला बसला की काय.

पहिलं वर्ष कसं काढलं ते विचारायचं होतं ना? वाईट काढलं. रोज सकाळी दोन कप भरायचो आणि एक ओतून द्यायचो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. पाच दिवस मीही मीठ देत-घेत बसलो, तेव्हा दोष एकट्या तुमचा नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी लिहून देणार नाही. एका घरात राहून माणसं बोलेनाशी झाली की काय होतं, ते आपल्या पोरांनी भोगलंय. त्यांच्या वाट्याला जे आलं ते आपण म्हातारपणी हौसेने कशाला घ्यायचं?

भाजीची पिशवी खाली ठेवा, मी स्वयंपाकघरात आहे. आत या आणि हेच मला तोंडाने विचारा. फार लांबण लावू नका, "राहा" एवढंच म्हणा. माझं तोंड बघून शब्द अडला तर स्टूल ओढून बसा, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. मी काही उठून जात नाही.

घड्याळजी